नववा नमुना

पहिली बाटली मी स्क्रीनवर केली.
देखणी होती. कंबर बारीक, खांदे गोल,
जाहिरातीतली मुलगी जी घेऊन डोंगरावर उभी असते, तसली.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डोंगर नाही.
त्रेचाळीस डिग्री आहे, पत्र्याचं छप्पर आहे,
आणि टॉवेलच्या मागांचा असा खडखडाट
की तहान लागली हेसुद्धा खुणेनं सांगायचं.

राजमणी चिप्पांनी ती हातात घेतली,
उलटी केली, तोंडाला डोळा लावून आत पाहिलं.
"हात जाईना की ओ. घासायची कशी?"
मी म्हणालो, त्याचा ब्रश मिळतो.
त्या हसल्या नाहीत.
हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरीचं तोंड रुंद केलं.
तिसरीचं त्यांच्याच हाताच्या मापाचं:
चार बोटं जुळवून, अंगठा दुमडून, बांगड्या मागे सारून.
मी व्हर्नियर लावला तेव्हा शेजारच्या मागावरची नागूबाई
तेलुगूत काहीतरी बोलली
आणि अख्खी रांग हसली.
अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही.

चौथी गळाली.
पाचवीबद्दल मी बोलणार नाही.

सहावी घेऊन गेलो तो पाण्याचा दिवस होता,
म्हणजे चार कोरडे दिवस गेल्यावरचा.
रात्री दोनला नळ आलेला, सगळ्यांचे डोळे लाल,
आणि मी सांगतोय: एकच बाटली वर्षानुवर्षं वापरा,
कचरा वाचेल, फक्त रोज तीनदा खळखळून धुवा.
"तीनदा?" राजमणी म्हणाल्या.
"बाटलीनं आम्हाला पाणी पाजायचं
का आम्ही बाटलीला?"

त्या रात्री मी आतले सगळे कोपरे पुसून टाकले.
तळ वाटीसारखा केला. खोबणी बुजवल्या.
नक्षी गेली. कंपनीचं नाव बाहेर, बुडाखाली गेलं.
आता एक ओंजळ पुरते.
ती ओंजळही नंतर
रंगाच्या डब्यातल्या मोगऱ्याला जाते, हे पुढं कळलं.

झाकणाचंही राहिलं होतं.
तुटलेला धागा एका चिमटीत असताना
दुसऱ्या हातात बाटली, मग झाकण त्या दातांनी फिरवायच्या.
हे मी तीन महिने पाहत होतो
आणि दिसलं सातव्या वेळी.
आता अंगठ्यानं उघडतं. झाकण बाटलीलाच लोंबतं, हरवत नाही.

आणि ती खिडकी.
तिच्या गजाला त्यांची जुनी बाटली टांगलेली असायची,
कोल्ड्रिंकची, दोन लिटरची, चेपलेली,
टॉवेलच्या कडेच्या कातरणी गुंडाळून भिजवलेली.
मी हात लावला. गार.
"हे कुणी शिकवलं?"
"शिकवायचं काय त्यात? टॉवेल वला होता."
मी मुकाट्यानं तेही माप घेतलं.
आठवीला कातरणीचा अंगरखा आहे. ड्रॉइंगवर
डिझायनर म्हणून माझं नाव आहे.

नववी आठ दिवसांसाठी दिली.
नमुना आहे, परत करा, म्हणून सही घेतली.
परत आली तेव्हा खांद्याला एक पोचा,
आणि पट्टीला केशरी सूत, सात वेढे, गाठ मागाची.
"हे कशाला?"
"उद्या सगळ्यांना देणार ना?
मग माझी कुठली, कळायला नको?"

सूत सरकत होतं.
पट्टी गुळगुळीत होती. मीच केलेली, मोठ्या अभिमानानं.

घरी येऊन ड्रॉइंग उघडलं,
पट्टीच्या डाव्या कडेला दीड मिलिमीटरची खाच काढली.
साच्यावाल्या कोळेकरांचा रात्रीच फोन:
"ही काय नवीन? मळ बसेल की तिथं."
"सूत बसेल," मी म्हणालो.
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग: "बरं. रुंदी किती धरू?"

सात वेढे मावतील एवढी.
आणि गाठीला थोडी जास्त.